कातळशिल्पे दाखवून आणणारी एक सहल: राजापूरच्या सड्यांवरील एकदिवसीय सेवेचे परीक्षण

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, कोरलेली कातळशिल्पे पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या जशी वाढली, तशी ती दाखवून आणणारी माणसेही गावोगाव तयार झाली. कोणी घरगुती निवासाच्या जोडीला सहल काढतो, कोणी रिक्षा चालवता चालवता हे काम करतो. राजापूर तालुक्यातील एका कुटुंबाकडून चालवली जाणारी अशीच एक एकदिवसीय सहल आम्ही या हिवाळ्यात घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. कुटुंबाचे नाव त्यांच्याच विनंतीवरून देत नाही, कारण आठवड्याला दोनच तुकड्या न्यायच्या असे त्यांनी ठरवले आहे आणि तेवढी माणसे त्यांना ओळखीपाळखीतून मिळतात. परंतु त्यांच्या सहलीत जे चांगले आहे आणि जे खटकते, ते दोन्ही या प्रकारच्या बहुतेक सेवांना लागू पडेल असे वाटते. सहल घेण्यासारखी आहे, दिलेले पैसे वसूल होतात, आणि वाटाड्या उत्तम आहे. मात्र त्याच्या तोंडून जे ऐकायला मिळते त्याच्या मानाने हातात दिले जाणारे छापील पत्रक फारच उथळ आहे.

वाटाड्याची गरजच काय, असा प्रश्न इतर स्मारकांच्या बाबतीत रास्त ठरेल. लेणे, गड किंवा देऊळ दुरून दिसते आणि पाहणाऱ्याला स्वतःकडे खेचून घेते. कातळशिल्प पायाखाली आल्याशिवाय दिसत नाही, आणि कित्येकदा पायाखाली येऊनही दिसत नाही. जांभ्याचा सडा मैलभर सारखाच काळपट-तांबूस पसरलेला असतो, त्यावर पावसाने आणि उन्हाने पाडलेल्या खळग्यांची, भेगांची आणि वाळलेल्या शेवाळाची इतकी गर्दी असते की त्यातली कोणती रेघ माणसाच्या हाताची आहे हे नवख्या डोळ्याला उमगत नाही. स्वतः गुरे राखलेल्या माणसांनी ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती, काही ठिकाणी त्यांना पांडवांच्या नावाशी जोडलेही होते, परंतु त्यांची पद्धतशीर नोंद होऊ लागली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांनी सडे पायी धुंडाळायला सुरुवात केल्यानंतर. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मिळून नोंदलेल्या शिल्पांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. त्यातली मोजकीच सोडली तर बाकीची कोणत्याही फलकाशिवाय, कुंपणाशिवाय, कोणाच्या तरी मालकीच्या मोकळ्या कातळावर पडून आहेत.

सहलीचा खर्च माणशी १,२०० रुपये असून त्यात सकाळचा चहा-घावणे आणि दुपारचे जेवण येते. गाडी आपली न्यावी लागते. निघण्याची वेळ सकाळी साडेसहाची आहे आणि ती ते कटाक्षाने पाळतात. उशिरा निघणाऱ्यांना सहलीचा अर्धा अर्थ गमवावा लागेल, कारण खोदलेल्या रेषेची खोली जेमतेम काही सेंटिमीटर असते आणि ऊन डोक्यावर आले की तिची सावली नाहीशी होते. सूर्य कलता असताना जे चित्र ठसठशीत दिसते, तेच दुपारी बाराला सपाट खडक होऊन बसते. सड्यावर झाड नाही, पाणी नाही, बसायला जागा नाही. टोपी, पाणी आणि पायातून पटकन काढता येतील अशी पादत्राणे घेऊन या, एवढी सूचना ते आदल्या दिवशी फोनवर देतात. ती पुरेशी आहे.

पहिला मुक्काम कशेळीचा. कनकादित्याच्या देवळामुळे हे गाव पुष्कळांना माहीत असते, पण सड्यावरचा हत्ती पाहण्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या देहाच्या रेषेच्या आत मासे, पक्षी, चतुष्पाद प्राणी अशा कित्येक लहान आकृत्या कोरलेल्या आहेत. हे आकडे कागदावर वाचून काहीच कळत नाही. आम्ही त्याच्या अगदी कडेला उभे होतो आणि आमच्यापैकी कोणालाही हत्ती दिसत नव्हता. दिसत होते ते एक रुंद, उथळ, वळण घेत गेलेले चर, तळाशी वाळके गवत आणि मुंग्यांची रांग असलेले. वाटाड्याने, ज्यांना सगळे काका म्हणत होते, चपला काढून ठेवल्या आणि रेषेच्या बाहेरच्या अंगाने, तिला पाय न लावता, ते सावकाश चालू लागले. “माझ्याकडे बघू नका, पायांकडे बघा,” एवढेच म्हणाले. पाठीच्या कमानीवरून ते माथ्याकडे गेले, तेथून सोंडेच्या बाजूने खाली उतरले, पुढच्या पायाला वळसा घातला, आणि पोटाखालून परत येईपर्यंत आमच्यातल्या आठवीतल्या मुलीने सर्वांच्या आधी “अगं आई, आपण सुळ्यापाशी उभे आहोत” असे ओरडून सांगितले. त्यानंतर मात्र तो हत्ती डोळ्यांपुढून हलेना. या सेवेचे मूल्य कशात आहे असे कोणी विचारले तर मी या चालण्याकडे बोट दाखवीन. ड्रोनने घेतलेली छायाचित्रे महाजालावर विपुल आहेत आणि त्यांत हत्ती एका क्षणात दिसतो, परंतु ज्यांनी तो कोरला त्यांना तो तसा कधीच दिसलेला नसणार. त्यांनीही तो चालत चालतच पाहिला असेल, किंवा आखणी करण्याची अशी एखादी रीत त्यांच्यापाशी असेल की जिच्या जोरावर १८ मीटरांचे प्रमाण जमिनीवर उभे राहून सांभाळता आले.

काकांनी आणखी एक गोष्ट केली नाही, तिचीही नोंद करायला हवी. छायाचित्र चांगले यावे म्हणून रेषांत खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची एक वाईट सवय पडलेली आहे. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी तशी सूचना केली तेव्हा काकांनी पिशवीतून एक मऊ कुंचला काढला, रेषेतला पाचोळा हलक्या हाताने झाडला आणि “आता खाली बसून काढा फोटो, उन्हाकडे तोंड करून” असे सांगितले. फोटो खरोखरच चांगला आला. जांभा सच्छिद्र असतो. त्यात भरलेली पूड पुन्हा पूर्णपणे निघत नाही, आणि पुढे कोणाला खोदकामाच्या हत्यारांच्या खुणा तपासायच्या असतील तर त्या पुडीखाली त्या गाडल्या जातात, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावले.

काळाविषयी आणि अर्थाविषयी काका जे बोलतात ते मोजूनमापून बोलतात. कातळावरच्या खोदकामाचे वय थेट काढता येत नाही, कारण त्यात रंग नाही, कोळसा नाही, हाड नाही. म्हणून अभ्यासकांचे अंदाज मध्याश्मयुगापासून, म्हणजे शेती सुरू होण्यापूर्वीच्या अश्मयुगाच्या टप्प्यापासून, आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत पसरलेले आहेत, आणि बारा हजार वर्षे हा वारंवार ऐकू येणारा आकडाही अंदाजच आहे. हा अंदाज बांधताना चित्रांत काय आहे याइतकेच काय नाही याकडेही पाहिले जाते. प्राणी आहेत, मासे आहेत, माणसे आहेत, परंतु नांगर नाही, पीक नाही, शेतीचे कोणतेच दृश्य नाही. त्यावरून शिकार आणि अन्नसंकलनावर जगणाऱ्या लोकांकडे बोट जाते. काही आकृत्या गेंड्याच्या मानल्या जातात. कोकणात गेंडा कोठून आला, असा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला, तेव्हा काकांनी गुजरातेतील लांघणजचे उदाहरण दिले. त्या मध्याश्मयुगीन स्थळी गेंड्याचे हाड सापडलेले आहे, म्हणजे पश्चिम भारतातल्या त्या काळच्या माणसाला हा प्राणी ऐकूनच माहीत होता असे समजण्याचे कारण नाही. हत्तीचे म्हणाल तर सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या शेतकऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही. कर्नाटकातून तिलारीच्या खोऱ्यात उतरलेले हत्ती तेथील बागांचे गेली वीसेक वर्षे नुकसान करीत आहेत.

दुसरा थांबा देवाचे गोठणे येथील सड्याचा, आणि सहलीतला कच्चा भाग नेमका येथे आहे. येथल्या मानवाकृतीभोवती होकायंत्राची सुई भरकटते ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि ती आम्हीही पाहिली. आकृतीपासून दूर उत्तर दाखवणारी सुई जवळ आणली की वळते आणि जागा बदलली की पुन्हा वेगळीकडे तोंड करते. हा भाग काकांचा तरुण भाचा सांभाळतो. तो हुशार आहे, बोलका आहे, आणि त्याने या सुईचा खेळ करून टाकला आहे. आधी सर्वांना डोळे मिटायला सांगायचे, मग होकायंत्र ठेवायचे, मग “आपल्या पूर्वजांना चुंबकशास्त्र अवगत होते” असे वाक्य टाकायचे, आणि टाळ्यांची वाट पाहायची. जांभ्यात लोह असते हे सर्वांना ठाऊक आहे, तरी याच जागी असे का होते हा अभ्यासाचा विषय आहे आणि तो तसाच सांगितला असता तर अधिक रंजक झाला असता. होकायंत्र या शिल्पांनंतर पुष्कळ काळाने जन्माला आले. सुईवाचून ही जागा त्यांनी कशी ओळखली असेल, याचे उत्तर दिल्याशिवाय त्यांनी ती चुंबकत्वासाठी निवडली असे म्हणता येत नाही. काका त्या वेळी गाडीपाशी पाण्याच्या बाटल्या भरत होते. ते जवळ असते तर भाच्याचा सूर थोडा खाली आला असता असे वाटते.

याच सुराचा दोष पत्रकातही आहे. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘युनेस्कोचे जागतिक वारसा स्थळ’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि ते खरे नाही. २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या सूचीत आली. त्या नोंदीत रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ अशी नऊ ठिकाणे आहेत. तात्पुरती सूची म्हणजे पुढे कधी तरी या स्थळांचे नामांकन करण्याचा आमचा विचार आहे, असे संबंधित देशाने कळवणे. त्याने स्थळाला मान मिळतो, संरक्षण मिळत नाही. ‘जागतिक वारसा’ वाचून येणारा पाहुणा असे समजतो की सरकारने सगळे आधीच ताब्यात घेतले आहे आणि कोणी तरी राखण करते आहे. प्रत्यक्षात ती राखण गावाच्या आणि जमीनमालकाच्या मर्जीवर चाललेली असते. एवढी एक ओळ बदलून पत्रक पुन्हा छापायला फार खर्च येणार नाही.

जेवण उत्तम होते: भात, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ, सोलकढी. मांसाहारी हवे असल्यास आधी सांगावे लागते.

दुपारची विश्रांती मोठी ठेवली आहे आणि ती योग्यच आहे, कारण बारसूच्या सड्यावर ते चारनंतर नेतात. सहलीतला सर्वांत भरीव वेळ आम्ही येथे घालवला. मधोमध एक मानवाकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ अशी ही रचना आहे. दोन वाघांना दोन हातांनी आवरणारा माणूस मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही आढळतो, त्यामुळे या दोहोंची तुलना वारंवार केली जाते. काकांनी ती सांगितली आणि लगेच पुस्ती जोडली की सारखेपणा दिसणे वेगळे आणि नाते असणे वेगळे. उतरत्या उन्हात वाघांच्या अंगाची रेष उठून दिसते आणि मधल्या माणसाचे खांदे कातळातून किंचित वर आल्यासारखे भासतात.

बारसूचे नाव मात्र महाराष्ट्राला या वाघांमुळे कळले नाही. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प स्थानिक विरोधानंतर २०१९ मध्ये रद्द झाला, आणि पुढे बारसू-सोलगाव परिसराचे नाव त्यासाठी पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाचे काम पोलीस बंदोबस्तात सुरू झाले तेव्हा गावकरी याच सड्यावर उन्हात बसून होते. विरोध करणाऱ्यांचे मुख्य मुद्दे आंबा, मासेमारी, पाणी आणि जमीन हे होते. कातळशिल्पे त्यांत सामील झाली आणि पाहता पाहता पुढे आली, कारण आंब्याच्या बागेची भरपाई आकड्यात सांगता येते, पण या कोरीव कामाची सांगता येत नाही. आदिमानवाची चित्रे आजच्या माणसाला काय सांगतात, यावर पुष्कळ हळवे लेखन होत असते. बारसूत त्यांचा अर्थ फार व्यवहारी झालेला दिसला: ती जमिनीच्या वादातला पुरावा झाली आहेत. ज्या सड्याला सरकारी कागदांत पडीक म्हटले जाते, तो पडीक नाही, तेथे माणसाचा वावर हजारो वर्षांचा आहे, असे सांगणारा दुसरा कोणताही दस्तऐवज गावाकडे नव्हता. काका या विषयावर स्वतःहून बोलत नाहीत. विचारल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंची माणसे आपल्याच नात्यातली आहेत एवढे सांगितले आणि मग चिरेखाणींकडे, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे दगड कापण्याच्या खाणींकडे, वळले, कारण त्यांच्या मते खरा धोका रोजचा आहे. प्रकल्प येवो वा न येवो, चिऱ्यांसाठी यंत्राने कातळ कापला जातो, कलमे लावण्यासाठी खड्डे मारले जातात, रस्त्याचे रुंदीकरण होते, आणि यांतले बरेचसे काम जमीनमालक आपल्या हक्काच्या जागेत, आपल्या पोटासाठी करीत असतो. त्याला ‘वारसा जपा’ असे सांगणे सोपे आहे.

म्हणूनच मी पैशांविषयी नीट विचारपूस केली. माणशी घेतलेल्या रकमेतून ज्या दोन जागा खासगी आहेत त्यांच्या मालकांना काही रक्कम दिली जाते, असे काकांनी सांगितले, पण ती ठरलेली नाही. हंगाम चांगला गेला तर द्यायची, अशी तोंडी व्यवस्था आहे. हे बदलायला हवे. तिकिटातला अमुक हिस्सा जमीनमालकाचा, असे पावतीवरच छापले आणि त्यासाठी दर शंभर-दोनशे रुपयांनी वाढवला, तरी येणाऱ्यांपैकी कोणी कुरकुर करील असे वाटत नाही. सड्याचा तुकडा चिरा म्हणून विकण्याऐवजी चित्र म्हणून राखणे मालकाला परवडले, तरच हे टिकणार आहे.

संरक्षणाचा दुसरा नमुना उक्षीला पाहायला मिळतो. ते या सहलीत नाही, पण कोकण रेल्वेच्या उक्षी स्थानकामुळे तेथे स्वतंत्रपणे जाणे सोयीचे आहे. तेथील हत्तीभोवती गावाने पुढाकार घेऊन चिऱ्याची भिंत उभारली आणि वरून पाहण्याची सोय केली. चित्र एका नजरेत दिसते, गुरे आत जात नाहीत, आणि वाटाड्यावाचूनही काम भागते. तरीही भिंतीआडचा हत्ती मला थोडा पोरका वाटला, कारण सड्याच्या अफाट मोकळेपणाशी त्याचे जे नाते आहे ते तुटते. सगळीकडे भिंती घालाव्यात असे मी म्हणणार नाही; पण वस्तीजवळच्या आणि रस्त्यालगतच्या जागांना दुसरा उपायही दिसत नाही. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावरील फणसायमाळची गोष्ट निराळी आहे. ती शिल्पे अभ्यासकांना १९९३ पासून माहीत आहेत. झाडीच्या सावलीत, नदीच्या बाजूने चालत वशिंडाचे बैल, मोर आणि एकात एक वळलेल्या वर्तुळांचा चक्रव्यूह आपला आपण पाहता येतो. ज्यांना ऊन सोसत नाही किंवा घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी कातळशिल्पांची ओळख तेथून करून घेतलेली बरी.

राजापूरच्या या सहलीत तीनऐवजी पाच ठिकाणे दाखवणारा एक पर्यायही आहे आणि त्याचे पैसे जास्त आहेत. तो घेऊ नये. आमच्या आधीच्या आठवड्यात तो घेतलेल्या एका कुटुंबाशी निवासात गाठ पडली. त्यांना पाचही नावे पाठ होती, पण कशेळीच्या हत्तीच्या पोटात मासे आहेत हे त्यांना आमच्याकडून कळले. काकांना स्वतःलाही तो पर्याय फारसा पसंत नसावा; लोक मागतात म्हणून ठेवला आहे, असे ते म्हणाले.

नोंदणी फोनवरून होते आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. पावसाळ्यात सहल बंद असते. पाऊस संपल्यानंतर गवत वाळून कातळ उघडा पडेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत थांबणे चांगले, आणि मार्चनंतर ऊन असह्य होते. बारा जणांपेक्षा मोठी तुकडी ते घेत नाहीत, पण आठ जणांचा गट असेल तर अधिक बरे, कारण कशेळीला रेषेच्या बाहेर राहून सर्वांना एका वेळी उभे राहता येईल अशी जागा तेवढ्यांपुरतीच आहे. नोंदणी करताना देवाचे गोठणे येथेही काकाच बरोबर राहतील का, हे विचारून घ्यावे.